पंपवाल्याचा नकार

सरांचं दुखणं मला कळलं ते वहिनींच्या फोनवरून, आणि वहिनींनी सुरुवातच केली ती अशी, "भाऊजी, तुमच्या मित्राला आवरा."

सर माझे मित्र नव्हेत. ते सर्जन, मी पंपवाला. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनात हृदय थांबवावं लागतं, आणि तेवढा वेळ माणसाचं रक्त बाहेर घेऊन, त्यात प्राणवायू मिसळून, परत अंगात ढकलायचं काम एक मशीन करतं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव आहे, पण ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, सगळे त्याला पंप म्हणतात आणि चालवणाऱ्याला पंपवाला. ऐकणाऱ्याला वाटतं हा पेट्रोल भरतो. आमच्या हिच्या माहेरी बरीच वर्षं तोच समज होता आणि मीही तो दूर केला नाही. खरं सांगितलं असतं तर दर लग्नात चार जणांनी मला कोपऱ्यात गाठून छातीत इथे दुखतं ते काय असेल, म्हणून विचारलं असतं.

ओटीत माझी जागा सरांच्या मागे, हिरव्या चादरीच्या अलीकडे. तिथून पेशंट दिसत नाही. नळ्या दिसतात. एकीतून काळपट रक्त येतं, दुसरीतून लालभडक जातं. माझ्या पहिल्याच दिवशी चादर घसरतेय असं वाटून मी ती सावरायला हात पुढे केला, तर सर मान न वळवता ओरडले, "पंपवाले, हात मशीनवर! माणसाला हात लावायचा नाही!" त्यांचं बरोबरच होतं, माझे हात निर्जंतुक नव्हते. पण त्यानंतर तीस वर्षं मी माणसांमागून माणसं जिवंत ठेवली आणि एकालाही हात लावला नाही. नातेवाईक सरांचा हात धरून रडायचे. सरांनी हृदय दुरुस्त केलं, खरंय. पण तेवढा वेळ माणूस होता कुठे, हे कोणी विचारलं नाही. माझ्याकडे होता.

तर सर. वय वर्षं ऐंशी, स्वभाव होता तसाच. हृदयातून सगळ्या अंगाला रक्त जातं त्या दारातच एक झडप असते. सरांच्या झडपेवर कॅल्शियम साचून ती दगडासारखी झाली होती आणि दाराची फट उरली होती. जिना चढताना ते मध्येच थांबून भिंतीवरची चित्रं बघायला लागले तेव्हाच वहिनींना संशय आला, कारण लग्न झाल्यापासून त्यांनी त्या चित्रांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मग एक दिवस ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. असल्या झडपा बदलण्यातच ज्या माणसाचा जन्म गेला, त्याच्याच झडपेने दगा दिला होता. बदलली नाही तर वर्ष, फार तर दोन.

बदलायच्या वाटा दोन. एक आमची, म्हणजे छाती उघडून. दुसरी नवी, जांघेतल्या धमनीतून तार आणि नळी घालून. ही दुसरी वाट वापरणाऱ्या डॉक्टरांना सर 'तारवाले' म्हणायचे, आणि ते अशा सुरात की इलेक्ट्रिशियनलाही वाईट वाटावं.

त्यातही गंमत अशी की सरांचं दुखणं पकडलं ते एका तारवालीनेच. ती शिकत असताना आमच्या ओटीत आली होती. छातीचं हाड कापायची करवत सुरू झाली आणि बाई भिंतीला टेकून खाली. सरांनी वळूनही न बघता सांगितलं, "हिला स्टूल द्या." तेव्हापासून तिचं नाव स्टूल. आता ती हृदयाची मोठी डॉक्टर, हाताखाली दहा माणसं, पण सरांच्या तोंडी स्टूलच. तिने सरांना तपासून स्पष्ट सांगितलं होतं: वय ऐंशी, किडन्या अर्ध्यावर, तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेलेला. छाती उघडायची नाही.

"आणि हे म्हणतात, उघडायची," वहिनी फोनवर म्हणाल्या. "धाकट्याने, त्यांच्या शिष्याने, करायचं, सिस्टर समोर हव्यात आणि पंपावर तुम्हीच. नाहीतर मी असाच बरा, म्हणतात. धाकटा काही नाही म्हणणार नाही, त्याला यांनीच हातात सुरी धरायला शिकवली. भाऊजी, तुमचं ऐकतील. तुम्ही सांगा."

"बघतो," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि मला आनंद झाला. आता खोटं कशाला बोलू? सर मरणाच्या दारात, वहिनी रडकुंडीला आलेल्या, आणि माझ्या मनात एकच: पंपावर तुम्हीच. मला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. कोणी रजेवर गेलं की अजून बोलवायचे, पण ते बदलीवर. घरी मी हिच्या मिक्सरचा आवाज ऐकून तो कुठे अडतोय ते सांगायचो आणि ही म्हणायची, त्याला सुखाने वाटू द्या. मी स्टुलावर चढलो, माळ्यावरची पिशवी काढली आणि हँडल बाहेर काढलं.

पंपाचं हँडल. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि जनरेटर रुसला, तर पंप हाताने फिरवायचा असतो, त्यासाठी. मी दोनदा फिरवलाय. दुसऱ्या वेळी सगळा अंधार, सिस्टरच्या हातात टॉर्च, सर टाका घालतायत आणि मी घामाने निथळत फिरवतोय. जुना पंप भंगारात गेला तेव्हा सरांनी हँडल तेवढं काढून मला दिलं होतं. भाषण वगैरे नाही. "हे तुमचं," एवढंच म्हणाले होते.

त्या जुन्या ओटीची मला अजून आठवण येते. पांढऱ्या फरशांच्या भिंती, त्यातल्या एकीवर कोणीतरी पेन्सिलने उंची मोजल्याच्या खुणा. खिडकी एकच, तीही रंगाने बंद केलेली, तरी तिच्या कोपऱ्यातला रंग खरवडून सिस्टरांनी आभाळ दिसेल एवढी जागा ठेवली होती. सकाळी सकाळी सलाइनचा बर्फ टॉवेलात गुंडाळून लाकडी हातोडीने फोडायच्या, तो चुरा थांबलेल्या हृदयाभोवती पसरायला. मीही पंपातून रक्त गार करायचो. माझ्या लेखी हृदय म्हणजे बर्फात ठेवायची वस्तू.

आणि वाटी. सर जुनी झडप कापून काढायचे, मग कडेचं कॅल्शियम कण कण करून सोलायचे आणि प्रत्येक कण स्टीलच्या वाटीत टाकायचे. टिण. एक कण जरी आत सुटला तर तो मेंदूत जाऊन बसणार, म्हणून सगळी ओटी श्वास रोखून तो आवाज ऐकायची. मग नवी झडप शिवायची, सगळं बंद करायचं, महाधमनीवर रक्त अडवायला लावलेला क्लॅम्प काढायचा आणि हृदय चालू व्हायची वाट बघायची. ते चालू झालं की सर विचारायचे, "किती?" मी सांगायचो, क्लॅम्प किती मिनिटं होता, म्हणजे हृदय किती वेळ थांबलं होतं. तेवढाच आमचा संवाद. मग सर म्हणायचे, "चहा टाका." आभार मानणं त्यांना माहीत नव्हतं, ते चहा टाकायला सांगायचे.

पण सगळ्यात जुनी रीत म्हणजे विचारणी. प्रत्येक ऑपरेशनच्या आधी हात धुवायच्या जागी आम्ही सगळे उभे राहायचो आणि सर विचारायचे, "घरातलं माणूस असतं तर?" ज्याने त्याने एका शब्दात सांगायचं: घ्या, किंवा नको. सगळ्यात लहानापासून सुरुवात, सर शेवटी, कारण मोठा आधी बोलला की बाकीच्यांच्या जिभा टाळूला चिकटतात. आणि एकाचाही नकार आला तर त्या दिवशी ऑपरेशन नाही. सिस्टरांनी पाच-सहा वेळा नको म्हटलं असेल. मी कधीच नाही. सिस्टर म्हणायच्या, "यांना काय विचारता? पंप चालवायला मिळाला की झालं. हे स्वतःच्या सासूलाही घ्या म्हणतील." त्यावर सगळे हसायचे आणि मीही हसायचो.

रविवारी सरांनी सगळ्यांना घरी बोलावलं. विचारणी करायची म्हणून. मी हँडल पिशवीत घालून गेलो.

"हे कशाला?" दारातच सरांनी विचारलं.

"वीज गेली तर."

सर इतके हसले की त्यांना दम लागला आणि वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवी मागे लपवली.

जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही बसलो. सिस्टर माझ्याही आधी निवृत्त झालेल्या, केस पांढरेशुभ्र, पाठ मात्र अजून इस्त्री केल्यासारखी. सरांचे शिष्य धाकटे सर, आता हॉस्पिटलात त्यांच्याच खुर्चीवर. समोर स्टूल. भूल देणारे डॉक्टर वारले, त्यांची खुर्ची सरांनी रिकामी ठेवायला सांगितली होती.

"आधी तारवाल्यांचं ऐकू," सर म्हणाले. "बोल, स्टूल."

ती न अडखळता बोलली. "सर, नवी झडप दोन्हीकडे बसते. फरक वाटेचा आहे. तुमच्या वाटेने छातीचं हाड कापायचं, हृदय थांबवायचं, जुनी झडप काढून नवी शिवायची. माझ्या वाटेने दुमडलेली झडप नळीवरून वर न्यायची आणि जुनीच्या आत उघडायची. छाती नाही उघडायची, पूर्ण भूल नाही, पंप नाही." शेवटचं म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं.

"आणि जुनी झडप?"

"राहते तिथेच. नवी तिला कडेला दाबून बसते."

"म्हणजे केर न काढता सतरंजी अंथरायची."

"हो सर. पण केर काढताना घरच पडणार असेल तर सतरंजी बरी."

सिस्टरांनी तोंडावर रुमाल धरला. सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग स्टूलने स्वतःच्या वाटेतले खड्डेही सांगितले. कडेने थोडं रक्त गळू शकतं. हृदयाची लय बिघडून पेसमेकर बसवावा लागू शकतो. धमनीला इजा होऊ शकते. अर्धांगाचा धोका दोन्हीकडे. "आणि शिवलेली झडप किती टिकते याचा अनुभव जुना आहे, माझ्या झडपेचा त्या मानाने कमी. तुम्ही साठीचे असता तर मीच तुम्हाला धाकट्या सरांकडे पाठवलं असतं. पण सर, तुमच्या झडपेला वीस वर्षं टिकून करायचंय काय?"

वहिनींच्या हातातला चमचा खाली पडला. सर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि खदखदून हसले. "हिला मी शिकवलंय," ते म्हणाले. "आता माझी बाजू. वहिनींना सांगा, एक उशी आणा."

'वहिनींना सांगा' हे सर त्यांच्याच बायकोबद्दल म्हणत होते. आमच्यात बसले की ते आमच्यातलेच होऊन जायचे.

उशी आली. सरांनी ती टेबलावर आडवी ठेवली. "हा मी. वजन कमी आहे, पण स्वभाव बरा आहे." हिरवा टेबलक्लॉथ उशीवर चढला. चमचे, चिमटा, वहिनींची बटणांची डबी आणि स्टीलची वाटी. सर उभे राहिले आणि सिस्टर कोणी न सांगता उठून त्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभ्या राहिल्या. मी खुर्ची सरकवून मागे बसलो, हँडल मांडीवर. माझ्या जागी.

"पंपवाले?"

"तयार, सर."

"घ्या पंपावर."

मला काय झालं ते कसं सांगू! सरांनी न बघता हात मागे केला, तळवा वर, आणि सिस्टरांनी त्यात बरोबर तोच चमचा ठेवला जो कात्रीच्या जागी होता. पुन्हा हात, आता चिमटा. दोघं एक शब्द बोलत नव्हती. "क्लॅम्प," सर म्हणाले. "लागला," मी म्हणालो आणि घड्याळात बघितलं. मग सरांनी डबीतून एक एक बटण उचललं आणि वाटीत टाकलं. टिण. टिण. धाकटे सर, एवढा मोठा माणूस, शाळकरी पोरासारखा पुढे वाकून बघत होता. त्या खोलीत मला बर्फाचा, स्पिरिटचा आणि कापलेल्या हाडाचा वास आला, आईशप्पथ आला. मी तीस वर्षांनी तरुण झालो होतो आणि मला ते ऑपरेशन हवं होतं. माझ्या सरांचं, माझ्या पंपावर, शेवटचं. उशीकडे बघताना तिच्या जागी माणूस असणार आहे, हे मी विसरून गेलो होतो.

"दहा मिनिटं," मी मिनिटं सांगायला लागलो. "वीस."

सर टाके घालत होते. गाठ, गाठ, गाठ. दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर. मग एक गाठ अर्धीच राहिली. मला त्यांची पाठ दिसत होती, ती पाठ मी जन्मभर बघितली आहे. ती हळूहळू टेबलाकडे झुकली. सिस्टरांनी त्यांचा दंड धरला. ओठ काळेनिळे झाले होते.

स्टूल उठलेली होतीच. तिने मागून खुर्ची पुढे सरकवली आणि आवाज न चढवता म्हणाली, "सरांना स्टूल द्या."

कोणी हसलं नाही. सर बसले. बराच वेळ त्यांचा श्वासच ऐकू येत होता. वहिनी दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. श्वास जरा ताळ्यावर आला तसं सरांनी टेबलावर दोन बोटं आपटली.

"विचारणी. घरातलं माणूस असतं तर? स्टूल."

"नको."

"तुझं धरत नाही. तुझं दुकान आहे. धाकट्या."

धाकटे सर उशीकडे बघत म्हणाले, "सर... तुम्ही म्हणाल तर घ्या."

"मी काय विचारलं? घ्या की नको?"

"घ्या," तो इतक्या हळू म्हणाला की ते 'घ्या' नव्हतंच.

"सिस्टर."

मला वाटलं, या नको म्हणतील. पाच-सहा वेळा ज्यांनी ठणकावून नको म्हटलं होतं, त्या म्हणतील आणि मी सुटेन. सिस्टरांनी सरांच्या हाताकडे बघितलं, तो अजून नकळत तळवा वर करून टेबलावर पडला होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "घ्या," त्या म्हणाल्या. त्यांना तो हात रिकामा ठेववेना.

"पंपवाले."

आता मी घ्या म्हटलं असतं तर सगळं ठरलं होतं. माझ्या मांडीवर हँडल होतं. पंपावर तुम्हीच. आणि घरातलं माणूस असतं तर? मी वहिनींकडे बघितलं. फोनवर त्या मला भाऊजी म्हणाल्या होत्या, ते मी तेव्हा ऐकूनही घेतलं नव्हतं.

"नको," मी म्हणालो.

सरांनी मान वळवली. तीस वर्षांत ओटीत त्यांनी माझ्याकडे वळून बघितल्याचं मला आठवत नाही. "काय म्हणालात?"

"नको, सर. पंप फुकट जिवंत ठेवत नाही. मी मागे बसून तेच बघत आलोय. तुमच्या किडन्यांना तो झेपायचा नाही आणि त्या झटक्यानंतर तुमच्या मेंदूचीही मला खात्री नाही. तुमच्या वयाची माणसं पंपावरून उतरतात, पण उतरल्यावर सगळी घरी जात नाहीत. स्टूल म्हणाली तेच मी म्हणतोय. तिचं दुकान आहे म्हणालात. माझंही होतं. मी माझं बंद करतोय."

"तीस वर्षांत एकदा नको म्हणाला नाहीत तुम्ही!"

"तेव्हा घरातलं माणूस नव्हतं."

सर उठले. कोणालाही हात धरू न देता, भिंतीला धरून आत गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही चौघं त्या उशीभोवती बसून राहिलो. धाकटे सर वाटीतली बटणं मोजत असल्यासारखं करत होते. मी हँडल पिशवीत घातलं, काढलं, परत घातलं. आता हे मला जन्मात माफ करायचे नाहीत, असं वाटत होतं. सिस्टरांनी माझ्या बाहीला एकदा हात लावला.

मग आतून आवाज आला. "अहो वहिनी! सगळ्यांना चहा टाका."

वहिनींना काही कळेना, कारण त्या कधी ओटीत आल्या नव्हत्या. आम्हाला कळलं. सिस्टर उठल्या, उशीवरचा टेबलक्लॉथ काढला आणि घडी घालायला लागल्या.

झडप बसवायच्या दिवशी स्टूलने आम्हाला काचेपलीकडून बघायची परवानगी दिली. मी पोहोचलो तर सिस्टर बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धूत होत्या, घासून घासून, आणि मग दोन्ही हात वर धरून पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या. जाणारे येणारे बघत होते. "कोणी सांगितलं हात धुवायला?" मी विचारलं. त्यांनी हातांकडे बघितलं आणि लाजल्या. "सवय," म्हणाल्या, पण हात काही खाली केले नाहीत. काचेपाशी एक स्टूल ठेवलेलं होतं. स्टूलने मास्क चढवता चढवता मला सांगितलं, "बसा. पंपवाल्यांना उभं राहायची सवय नसते."

बघण्यासारखं म्हटलं तर काहीच नव्हतं. करवत नाही, बर्फ नाही, वाटी नाही. सर जागेच, अर्धवट गुंगीत. पडद्यावर करड्या सावल्या आणि त्यातून वर चढणारी तार. एकदा सरांचा आवाज आला, "तार जास्त आत गेली नाही ना?" स्टूल म्हणाली, "सर, तुम्ही पेशंट आहात." मग तिने खूण केली. झडप उघडताना रक्ताच्या झोताने ढकलली जाऊ नये म्हणून हृदयाला काही क्षण इतकं भरभर धावायला लावतात की ते रक्त फेकेनासं होतं. रक्तदाबाची रेघ खाली आली, आणखी खाली, जवळजवळ सपाट झाली. मी ताडकन उभा राहिलो. माझे हात पुढे गेले आणि पंप शोधायला लागले. काचेवर बोटं आपटली तेव्हा शुद्धीवर आलो. तेवढ्यात रेघ उठली. उंच, ठसठशीत, जशी त्या पडद्यावर मघापासून एकदाही नव्हती.

"झालं," स्टूल म्हणाली.

झालं? आमचा दिवस जायचा. मला रडू आलं. सर वाचले म्हणून आलं की आमच्याशिवाय वाचले म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शेजारच्या ओटीत त्याच वेळी धाकटे सर एका पन्नाशीच्या बाईची छाती उघडून जन्मतःच वाकडी असलेली झडप बदलत होते. भिंतीपलीकडून पंपाची ओळखीची घरघर येत होती. तिच्या वयाला आणि तिच्या झडपेला तीच वाट बरोबर, असं स्टूलनेच सांगितलं होतं. ते ऐकून मला जरा बरं वाटलं. घरघर थोडी अडखळत होती, पण ते मी कोणाला सांगितलं नाही.

दुपारी आम्ही सरांच्या खोलीत गेलो. ते उताणे पडले होते, जांघेवर दाबपट्टी, पाय हलवायची बंदी. गालांवर रंग होता. वहिनी उशाशी बसून पेर सोलत होत्या, सरांना ते खायची परवानगी नव्हती हे विसरून. सरांनी छताकडे बघतच विचारलं, "किती?"

मला कळलंच नाही आधी. मग कळलं.

"शून्य, सर. थांबवलंच नाही."

सगळा जन्म त्यांनी माणसांची हृदयं थांबवून चालू केली होती आणि सगळा जन्म मी त्यांना मिनिटं सांगितली होती. हा आकडा मी कधी उच्चारला नव्हता.

"मग तुम्ही तिथे करत काय होता?"

"स्टुलावर बसलो होतो."

त्यांना हसू आलं आणि स्टूल दारातून ओरडली, "सर, पाय!"

"पंपवाले, इकडे या," ते म्हणाले. मी पलंगाजवळ गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढलं. मी हात मागे घेतला. सवय.

"लावा," सर म्हणाले.

त्यांनी माझा तळवा आपल्या छातीवर ठेवला. खाली पट्टी नव्हती, टाका नव्हता, अंगातला पातळ सदरा आणि त्याच्याखाली ते. दणके देत होतं माझ्या हाताला. इतक्या वर्षांत मी ते पडद्यावर बघितलं होतं, नळ्यांतून ओळखलं होतं, बर्फाखाली ठेवलं होतं.

"कसं लागतंय?" सिस्टरांनी मागून विचारलं.

"गरम आहे," मी म्हणालो.